मोटारसायकलच्या बॅटरीसाठी पत्र्याची पेटी

मोटारसायकलवरील बॅटरीची पेटी दिसायला अगदी साधी असते. चार भिंती, एक तळ आणि वरून आवळणारी एक पट्टी, एवढाच तिचा पसारा. त्यामुळे बॅटरीच्या मापाचा डबा तयार केला की काम संपले, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु बॅटरी नुसती सामावून घेणे पुरेसे नाही. तिला धातूपासून दूर ठेवणे हे या पेटीचे खरे कार्य होय.

याचे कारण बॅटरीच्या रचनेत आहे. शिसे-आम्ल बॅटरीचा प्रत्येक घट सुमारे २ व्होल्ट दाब देतो. म्हणून ६ व्होल्टच्या बॅटरीत तीन आणि १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा घट असतात. घटांत सौम्य सल्फ्युरिक आम्ल असते आणि ते पोलाद खाते. हादरे बसत राहिल्यास पट्ट्यांवरील क्रियाशील लेप सुटून तळाशी साचतो. शिवाय बॅटरीचे एक टोक वाहनाच्या सांगाड्याला जोडलेले असते आणि पेटीही त्याच सांगाड्यावर बसते. म्हणजे शॉर्ट सर्किटची अर्धी वाट आधीच तयार असते. दुसरे टोक पेटीच्या कडेला टेकले, की तारा तापून आग लागण्यास तेवढे पुरते.

अशी पेटी घरी करण्याचा प्रसंग बहुधा जुन्या वाहनावर येतो. म्हैसूर येथे १९६१ पासून तयार होऊ लागलेल्या जावा मोटारसायकलींवर ६ व्होल्टची बॅटरी असे. वीजनिर्मितीची व्यवस्था बदलून असे वाहन १२ व्होल्टचे केले, तर नवी बॅटरी जुन्या जागेत मावेलच असे नाही.

उदाहरणादाखल १३५ मि.मी. लांब, ७५ मि.मी. रुंद व १३९ मि.मी. उंच बॅटरी घेऊ. प्रथम याच मापाचा लाकडी ठोकळा करावा आणि तो वाहनावर योजलेल्या जागी धरून पाहावा. मागील आसनावर माणूस बसवून चाक वर येऊ द्यावे. ठोकळा चाकाला, साखळीला किंवा धुराच्या नळीला अडत नाही ना, हे तपासावे. आम्लाने भरलेली बॅटरी हाताळत मापे घेण्यापेक्षा हे पुष्कळ सुरक्षित असते.

बॅटरीभोवती ३ मि.मी. जाडीचे रबर आणि प्रत्येक बाजूस १ मि.मी. मोकळीक धरल्यास पेटीचे आतील माप १४३ × ८३ मि.मी. येते. भिंती १०० मि.मी. उंच ठेवाव्यात, म्हणजे बॅटरीचा वरचा सुमारे ४० मि.मी. भाग टोकांसह धातूच्या वर राहतो. आम्लाच्या पातळीच्या रेषा भिंतीआड जात असतील, तर तेथे खाच ठेवावी. १.५ मि.मी. जाडीच्या साध्या पोलादी पत्र्याचा ३४३ × २८३ मि.मी. तुकडा घेऊन चारही कोपऱ्यांतून १०० मि.मी. चे चौरस कापून टाकावेत. पत्रा वाकविताना मापात किंचित फरक पडतो. म्हणून आधी एक पट्टी वाकवून पाहावी. तयार पेटीचे वजन सुमारे ६७० ग्रॅम भरेल.

जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वापरू नये. वेल्डिंग करताना जस्ताच्या वाफांमुळे ताप येऊ शकतो आणि आम्लापुढे जस्त टिकतही नाही. कोपऱ्यांचे सांधे वाहनापासून दूर, बाहेरच्या बाजूने भरावेत आणि सर्व कडा कानशीने गोल कराव्यात. तळाला ६ मि.मी. चे भोक पाडावे; मात्र त्यातून गळणारे आम्ल साखळीवर किंवा ब्रेकवर पडता कामा नये. त्यानंतर आम्लरोधक रंगाचे दोन हात द्यावेत, भोकाच्या आतील कडेलाही.

पेटी सांगाड्यावर वेल्डिंगने जोडू नये. उष्णतेने सांगाड्याची ताकद घटू शकते, आणि पेट्रोलची टाकी जवळच असते. धारकपट्ट्या व रबरी वॉशर घालून ती बोल्टने बसवावी. बोल्टची गुळगुळीत डोकी आत, रबराखाली, व नट बाहेर ठेवावेत. वरची आवळपट्टी रबरी असावी. धातूची असल्यास ती रबरी नळीत घालावी. भारण होताना बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो, म्हणून पेटी हवाबंद करू नये. वायू नेणारी नळी असल्यास ती न मुरडता खाली सोडावी.

जुनी बॅटरी काढताना सांगाड्याला जोडलेले टोक आधी सोडवावे. नवी बसविताना तेच शेवटी जोडावे. तारा जोडण्यापूर्वी व्होल्टमापकाची एक तार पेटीला व दुसरी बॅटरीच्या प्रत्येक टोकाला लावून पाहावी. काटा शून्यावरून हलला, तर कोठे तरी धातूचा स्पर्श होत आहे किंवा आम्लाचा थर पसरला आहे असे समजावे. आम्ल असल्यास खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पेटी धुवावी; ते पाणी घटात जाऊ देऊ नये.

शंभर किलोमीटर प्रवास झाल्यावर पेटी पुन्हा उघडावी. रबर सरकलेले नसेल, रंग कोठे खरवडलेला नसेल आणि बॅटरी हाताने हलत नसेल, तर काम नीट झाले असे मानण्यास हरकत नाही.