गायनशिक्षकाचा शीण

गायनाचा तास म्हणजे विसाव्याचा तास, अशी शाळेंतील बहुतेक मुलांची समजूत असते. आणि ती त्यांच्यापुरती खरीहि आहे. गणिताचें ओझें नुकतेंच खालीं ठेवून मुलें गायनाच्या खोलींत येतात, पेटीचा भाता हलूं लागतो, आणि चाळीस मिनिटें कशीं गेलीं हें त्यांना कळत नाहीं. परंतु पेटीच्या पलीकडे बसलेल्या माणसाचा तो त्या दिवसांतील पांचवा तास असतो, ही गोष्ट त्यांच्या ध्यानांत येण्याचें कांहीं कारण नाहीं. पालकांच्या ध्यानांत मात्र ती यावी, आणि वरच्या इयत्तांतील ज्या मुलामुलींच्या मनांत पुढें शिक्षक होण्याचें आहे त्यांच्याहि यावी, म्हणून हा लेख लिहीत आहों. आम्ही वीस वर्षें मराठी व गायन हे दोन्ही विषय शिकवीत आलों आहों, तेव्हां येथें लिहिलेलें कांहीं पुस्तकांतलें आहे आणि कांहीं पेटीमागचें आहे.

शीण दोन प्रकारचा असतो. एक शरीराचा. तो रात्रीच्या झोपेनें जातो, आणि त्याची तक्रार कोणी करूं नये. काम केल्याची ती खूण आहे. दुसरा मनाचा. रविवार गेला, दिवाळीची सुटी गेली, तरी शाळेची घंटा ऐकतांच तो जसाच्या तसा समोर उभा राहतो. या दुसऱ्या शिणाकडे शास्त्रीय दृष्टीनें पाहण्यास फार उशिरां सुरुवात झाली. न्यू यॉर्क येथील हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञानें १९७४ सालीं त्यावर एक लेख प्रसिद्ध केला. मोफत दवाखान्यांत मोठ्या उत्साहानें सेवेस आलेले लोक कांहीं काळानें निरुत्साही व चिडखोर होतात, हें त्यानें स्वतः तेथें काम करितांना पाहिलें होतें. त्या स्थितीस त्यानें 'बर्नआउट' म्हणजे जळून विझणें हें नांव लाविलें. दिव्यांतलें तेल सरल्यावर नुसती वात जळते, तसा हा प्रकार. जो मुळीं पेटलाच नाहीं तो विझेल कसा? म्हणून हा शीण आळशी माणसाचा नव्हे, असें आम्हांस वाटतें.

पुढें क्रिस्टिना मॅस्लाक या अमेरिकन विदुषीनें त्याचीं तीन अंगें सांगितलीं, आणि जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं आपल्या रोगसूचींत त्याचें वर्णन केलें तें जवळजवळ त्याच तीन अंगांनीं. मात्र हा स्वतंत्र रोग नव्हे, कामाच्या ठिकाणचा दीर्घ ताण नीट न आवरला गेल्याचा परिणाम आहे, असें संघटनेनें स्पष्ट सांगितलें. पहिलें अंग म्हणजे शक्ति सरणें. दुसरें म्हणजे काम व माणसें यांविषयीं मन दूर जाणें, कडवट होणें. तिसरें म्हणजे आपल्या हातून कांहीं होत नाहीं अशी भावना. गायनशिक्षकाच्या बाबतींत दुसरें अंग आम्ही सर्वांत वाईट मानतों. बेसूर गाणारें मूल हें ज्या दिवशीं शिकविण्याचें मूल न राहतां आपल्या कानाचा वैरी वाटूं लागतें, त्या दिवशीं शिक्षकानें सावध व्हावें. (आठवडेच्या आठवडे झोप व अन्न तुटलें, कशांतच अर्थ वाटेनासा झाला, तर वैद्याकडे जावें, त्या स्थितीस लेख पुरत नाहींत.)

आतां हा शीण गायनशिक्षकासच विशेष कां, तें पाहूं. त्याचें पहिलें हत्यार म्हणजे त्याचा गळा. पुरुषाच्या कंठांतील स्वरतंतु बोलतांना सेकंदास सुमारें १२५ वेळां एकमेकांवर आदळतात, स्त्रीचे सुमारें २०० वेळां. चाळीस मिनिटांच्या तासांत शिक्षक निम्मा वेळ बोलला किंवा गायला असें धरलें, तर १,२०० सेकंद झाले, म्हणजे दीड लक्ष आघात. असे पांच तास घेतले तर साडेसात लक्ष. शिक्षिकेच्या बाबतींत उत्तर किती येईल तें विद्यार्थ्यांनीं स्वतः काढून पाहावें. शिवाय आसपास गोंगाट असला म्हणजे माणूस नकळत आवाज चढवितो, हें एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्यानें १९११ सालीं दाखवून दिलें आहे. पन्नास मुलें एकदम गाऊं लागलीं म्हणजे शिक्षकाचें काय होत असेल तें सांगावयास नको. तो त्यांच्यावर गातो, तीं त्याच्यावर गातात, आणि तास संपतां संपतां कोणीच कोणाचें ऐकत नाहीं.

दुसरें कारण वेळापत्रकांत आहे. गणिताच्या शिक्षकास एक वर्ग रोज भेटतो. गायनशिक्षकास बारा तुकड्या आठवड्यांतून एकेकदां भेटतात. दर तुकडींत ४५ मुलें धरलीं तर ५४० चेहरे झाले. नांवें पाठ होईपर्यंत वर्ष संपतें. त्यांत सहामाही जवळ आली कीं पहिला तास जातो तो गायनाचा, आणि स्नेहसंमेलन जवळ आलें कीं पहिली हांक येते ती गायनशिक्षकास. वर्षभर ज्याच्या विषयास गुण नाहींत, त्याची परीक्षा सर्व गांवादेखत एका संध्याकाळीं होते.

हें सारें आजचें आहे असें कोणी समजूं नये. ज्याचें नांव पाश्चात्य संगीतांत सर्वांआधीं घेतलें जातें तो योहान सेबास्टियन बाख हा शेवटचीं सत्तावीस वर्षें एका शाळेचा गायनशिक्षक होता, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक नसेल. १७२३ सालीं जर्मनींतील लाइप्झिग शहरांत सेंट थॉमस शाळेचा 'कांतोर' म्हणून त्याची नेमणूक झाली. मुलांस गायन शिकवावें, त्याच मुलांकडून शहरांतील मोठ्या चर्चांतलें संगीत करून घ्यावें, आणि वर लॅटिनहि शिकवावें, असें तें काम. लॅटिनमधून सुटण्यासाठीं त्यानें आपल्या पगारांतून एका सहशिक्षकास वर्षास ५० थालेर देऊं केले. पहिल्या दोन वर्षांत तर त्यानें जवळजवळ दर रविवारीं नवें संगीत रचून मुलांकडून बसवून घेतलें.

सातव्या वर्षीं, १७३० सालीं, काय स्थिति झाली तें कागदोपत्रीं नमूद आहे. ऑगस्टच्या आरंभीं नगरसभेच्या बैठकींत, कांतोर कांहींच करीत नाहीं, असें एका सभासदानें बोलून दाखविलें. त्याच महिन्याच्या २३ तारखेस बाखनें नगरसभेस एक लेखी निवेदन दिलें. तें वाचतांना अठराव्या शतकांतलें आहे याचा विसर पडतो. एका चांगल्या गायकवृंदास निदान बारा गाणारे लागतात, सोळा असल्यास बरें. वाजविणारे अठरा ते वीस लागतात, आणि शहराच्या नोकरींत आहेत अवघे आठ. मग तो शाळेंतील ५४ मुलांचा हिशेब देतो: १७ उपयोगी, २० अजून तयार नाहींत, १७ संगीतास सर्वस्वी अयोग्य. पुढें ऑक्टोबरच्या २८ तारखेस त्यानें डान्झिग येथें असलेल्या एर्डमान या बालमित्रास पत्र लिहून दुसरीकडे जागा मिळेल काय म्हणून विचारलें. वरिष्ठांस संगीताची आवड नाहीं, नित्य मनस्ताप आहे, शहर महाग आहे. आणि प्रेतयात्रांच्या गायनावर मिळणारें उत्पन्नहि हवा निरोगी असली म्हणजे घटतें, गेल्या वर्षीं शंभरांहून अधिक थालेर बुडाले, अशी तक्रार त्यांत आहे. गांवची हवा चांगली म्हणून कष्टी होणारा गायनशिक्षक! हंसूं येतें, पण पोटाचा प्रश्न आहे हें विसरूं नये.

याच पत्राच्या शेवटीं मात्र सूर बदलतो. आपलीं मुलें जन्मतःच गाणारीं-वाजविणारीं आहेत, घरच्या घरीं सुंदर मेळ जमतो, पत्नीचा आवाज गोड आहे आणि थोरली मुलगीहि बरी साथ करते, असें तो मित्रास कळवितो. हें वाचून आम्ही फार वेळ थांबलों. ज्या संगीतानें त्याला शाळेंत शिणविलें, त्याच संगीताकडे तो घरीं विसाव्यास येत होता. इतकेंच नव्हे, तर १७२९ पासून शहरांतील एका विद्यार्थिमंडळाच्या वादनाचें पुढारपण त्यानें पत्करलें होतें. हे लोक त्सिमरमान नांवाच्या गृहस्थाच्या कॉफीगृहांत आठवड्यास जमत. उन्हाळ्यांत शहराबाहेरच्या बागेंत. म्हणजे थकलेल्या माणसानें आणखी एक काम अंगावर घेतलें! परंतु तें काम त्याच्यावर कोणी लादलेलें नव्हतें, तेथें जमणारे आपखुषीनें येत, आणि काय वाजवावयाचें तें तो ठरवीत असे. शीण कामाच्या वजनानें येतो तितकाच कामावर आपला कांहीं ताबा नसल्यानेंहि येतो, असें आतांचे संशोधक म्हणतात, तें या ठिकाणीं चांगलें समजतें.

बाख लाइप्झिग सोडून गेला नाहीं. १७३० सालींच योहान माथियास गेस्नर हा नवा मुख्याध्यापक आला, त्याला संगीताचा कान होता, त्याच्या कारकीर्दींत शाळेची इमारत वाढविली गेली. हा गेस्नर शाळा सोडून गेल्यावरहि, १७३८ सालीं, एका लॅटिन ग्रंथाच्या टीपेंत बाख वाजवीत असतां तीस-चाळीस वादकांना कसा एकटा सांभाळतो याचें वर्णन करण्यास विसरला नाहीं. पुढचा मुख्याध्यापक तसा नव्हता, आणि १७३६ सालीं गायकनायक कोणीं नेमावा यावरून दोघांचें चांगलेंच वाजलें. एका मुख्याध्यापकाच्या कानावर गायनशिक्षकाचें किती अवलंबून असतें तें यावरून दिसेल.

गुस्ताव होल्स्ट या इंग्रज रचनाकाराचेंहि असेंच. १९०५ पासून १९३४ सालीं मृत्यु येईपर्यंत तो लंडनच्या सेंट पॉल मुलींच्या शाळेंत शिकवीत होता, आणि तेथील एका आवाजबंद खोलींत सुटीच्या दिवशीं आपलें संगीत लिहीत असे. त्यानें संस्कृत शिकून सावित्रीच्या आख्यानावर एक लहान संगीतिका रचली, हें आपल्याकडील मुलांस मौजेचें वाटेल.

आतां आमच्या खोलीकडे वळूं. तीन वर्षांपूर्वीं जानेवारींत, संमेलनाच्या तोंडावर, आमचा आवाज पार बसला. घशाच्या वैद्यांनीं दहा दिवस मौन सांगितलें. त्या रात्रीं, गायनाचे तास दुसऱ्या कोणास द्यावेत असा अर्जहि आम्हीं मनांत पुरा लिहून काढला होता. दुसऱ्या दिवशीं फळ्यावर "आज मास्तर मुके" एवढेंच लिहिलें, पेटीवर काळी दोनचा सा धरला, आणि हातानें खुणा केल्या. जॉन कर्वेन या इंग्रज धर्मोपदेशकानें एकोणिसाव्या शतकांत स्वरांसाठीं हाताच्या खुणा बसविल्या. पुढें हंगेरींतील कोदायच्या अनुयायांनीं त्या जगभर नेल्या. त्या आम्हीं अध्यापन महाविद्यालयांत शिकलों होतों: सा म्हणजे बंद मूठ, प म्हणजे आपल्याकडे वळविलेला तळवा, नी म्हणजे वर केलेली तर्जनी. मुलें आधीं खूप हंसलीं. मग हळूहळू गप्प झालीं, कारण मास्तरांचा आवाज धरून चालावयाची सोय राहिली नव्हती. चौथ्या दिवशीं मागच्या बांकावरचा एक मुलगा, जो नेहमीं ओठ हलवीत असे, त्याचा पंचम आम्हांस प्रथमच ऐकूं आला. बरा होता.

तो अर्ज लिहिला गेला नाहीं. आवाज परत आल्यावरहि मुलांबरोबर सर्व वेळ गाणें आम्हीं सोडून दिलें. ओळ एकदां गाऊन दाखवावी, मग पेटीनें स्वर द्यावा आणि ऐकावें. दोन तासांच्या मध्यें पाणी प्यावें, बोलूं नये. पहांटे अर्धा तास केवळ स्वतःसाठीं तंबोरा लावावा; त्यांत संमेलनाचें एकहि गीत घेऊं नये. शिवाय एक वही ठेविली आहे. तींत बाखच्या यादीप्रमाणें तीन रकाने आहेत, पण तिसऱ्या रकान्याचें नांव आम्हीं 'अजून ऐकलें नाहीं' असें ठेविलें आहे. दर शनिवारीं तींत त्या आठवड्यांत चांगलें काय झालें आणि कां झालें, तें तीन ओळींत लिहितों. मार्टिन सेलिग्मन व त्याचे सहकारी यांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, एक आठवडाभर रोज रात्रीं अशा तीन गोष्टी कारणांसह लिहिणाऱ्यांची प्रसन्नता पुढें सहा महिने टिकलेली आढळली. आमचा अनुभव त्याच्या विरुद्ध नाहीं.

तथापि, मन बदललें म्हणजे सर्व झालें, असें सांगणाऱ्यांशीं आमचें पटत नाहीं. मॅस्लाक व तिचा सहकारी मायकेल लायटर यांनीं शिणाचीं सहा मुळें दाखविलीं आहेत: कामाचा भार, कामावरील ताबा, मोबदला, सहकाऱ्यांची संगत, न्याय, आणि मूल्यें. यांतलें एकहि केवळ शिक्षकाच्या डोक्यांत नाहीं. बाखनें मनाची समजूत घातली नाहीं. आंकडे मांडून माणसें मागितलीं. त्या मागण्याचा फारसा उपयोग झाला नाहीं ही गोष्ट निराळी. आम्हींहि गेल्या वर्षीं आंकडे मांडले, आणि सहामाहीपूर्वींचे गायनाचे तास या वर्षीं आम्हांस राखून मिळाले.

पालकांकडून एक मागणें आहे. आठवी-नववींत मुलाचा कंठ फुटतो, आवाज घोगरा होतो, आणि तो गायनाचा तास चुकवूं पाहतो. घरचीं माणसेंहि त्याला हंसतात. त्या वर्षीं त्यानें मोठ्यानें गाऊं नये, पण खोलींतून जाऊंहि नये. आम्ही त्याला तबला किंवा झांज देतों, किंवा खालच्या सप्तकांतल्या चार-पांच स्वरांत गुणगुणावयास लावितों. या वर्षीं अशीं अकरा मुलें आहेत. त्यांचीं नांवें मधल्या रकान्यांत आहेत.