तपासणीआधी प्रेसपाशी जा

प्रश्न : भोसरीत आमचा पॉवर प्रेसचा छोटा कारखाना आहे. सुरक्षा तपासणी होणार असे कळले. तयारी कशी करू?

उत्तर : रंगरंगोटी राहू द्या, आधी प्रेसपाशी जा. महाराष्ट्रात ही तपासणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे असते, आणि प्रेस शॉपमध्ये सर्वांत मोठा धोका हातांना असतो. उत्पादन वाढावे म्हणून काढून ठेवलेले गार्ड आजच बसवा. दोन्ही हातांनी दाबायच्या बटणांपैकी एखादे वायरने अडकवून ठेवलेले नाही ना, हे चालू पाळीत स्वतः उभे राहून पाहा. कामगारांची बोटे जातात ती अशाच सोयीपायी. डाय बदलताना मुख्य स्विच बंद करून कुलूप लावता का, हे सेटरलाच विचारा, रात्रपाळीच्या सेटरलाही.

चेनपुली आणि क्रेनच्या वार्षिक तपासणीचे सक्षम व्यक्तीने दिलेले अहवाल हाताशी ठेवा. बाहेर पडण्याच्या वाटेवरचा माल हलवा. कंत्राटी कामगारांचीही नोंद हवी.

मागच्या तारखा टाकून रजिस्टर मात्र भरू नका. ती लबाडी आहे. एखादी उणीव उरलीच तर निरीक्षकांना ती स्पष्ट सांगा, दुरुस्तीची ऑर्डर दाखवा आणि तोवर ते यंत्र बंद ठेवा.