दुधाचा दात, पण दुखणं खरं

“पडणारच आहे ना तो, दुधाचाच तर दात!” हे आपण सगळेच कधी ना कधी म्हणतो. मुलाच्या दाढेवर काळा ठिपका दिसतो, मनात चर्र होतं. मग ऑफिस, शाळेची व्हॅन, घरातलं कुणाचं तरी आजारपण, यांत तो ठिपका मागे पडतो. आणि एका रात्री मूल गाल धरून रडत उठतं.

मुलं दुखतंय म्हणून सांगतातच असं नाही. पोळीचा घास जिभेनं दुसऱ्या गालात ढकलतात, तिथेच चघळत बसतात. आपल्याला सकाळची घाई असते, आपण म्हणतो, “किती वेळ जेवतोस रे!” तेव्हा एकदा विचारून बघा, एकाच बाजूनं का चावतोस? दोन दाढांच्या फटीतली कीड वरून दिसत नाही, जेवण्यावरून मात्र बरंच कळतं.

दुधाच्या दाताचं वरचं कवच पातळ असतं आणि आतली नस मोठी. त्यामुळे कीड नसेपर्यंत लवकर पोचते. मग ठणका लागतो, तोही रात्री, आडवं झाल्यावर जास्त. लवंगेचं तेल लावायचा मोह होतो, पण लहान मुलाची हिरडी त्यानं भाजू शकते. दुखणं आपोआप थांबलं की आपल्याला हायसं वाटतं. खरं तर तेव्हाच सावध व्हायला हवं, कारण कित्येकदा नस मेलेली असते म्हणून ठणका थांबलेला असतो. काही दिवसांनी हिरडीवर पुळी येते. घरात उरलेलं अँटिबायोटिक देऊन हे मिटत नाही, आतली घाण तशीच राहते.

“काढून टाका” म्हणायच्या आधी एवढं लक्षात घ्या. समोरचे दात मूल सहा-सात वर्षांचं असताना पडायला लागतात, पण दुधाच्या दाढा साधारण दहा ते बारा वर्षांपर्यंत राहतात. पाच वर्षांच्या मुलाला ती दाढ अजून पाच-सहा वर्षं चावायला हवी असते. मधेच काढली, तर लोकलमध्ये एकजण उठला की शेजारचा सरकून बसतो तशी मागची कायमची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताला जागा उरत नाही. काही वेळा दाढ काढावीच लागते, तेव्हा जागा धरून ठेवणारी तार बसवता येते का, हे जरूर विचारा.

“एवढ्याशा पोराचं रूट कॅनाल?” असं आजी म्हणतात आणि आपल्याही पोटात गोळा येतो. पण मोठ्यांच्या आणि मुलांच्या उपचारात फरक आहे. कीड नसेच्या वरच्या भागापुरतीच असेल, तर तेवढाच भाग काढून औषध भरतात आणि मुळातली नस जिवंत ठेवतात. संसर्ग मुळांत उतरला असेल, तर मुळं साफ करून विरघळणारी पेस्ट भरतात. पुढे नवा दात वर येताना दुधाच्या दाताची मुळं झिजतात, तेव्हा ही पेस्टही जिरून जावी म्हणून. वर बहुधा स्टीलची कॅप बसते, आणि ती दात पडताना त्याच्याबरोबरच पडते. खर्चाचं आधीच मोकळेपणानं विचारा, त्यात संकोच कसला?

सगळ्यात मोठं काम आपल्या जिभेचं आहे. “त्रास दिलास तर डॉक्टर सुई टोचतील” हे वाक्य घरातून हद्दपार करा. “अजिबात दुखणार नाही” असंही नको. थोडं जरी टोचलं तरी मूल पुढच्या वेळी आपल्यावर विश्वास ठेवणार नाही. “डॉक्टर दाताला झोपवतील, थोडं चिमटल्यासारखं वाटेल, मी इथेच आहे” एवढं पुरतं. थांबायचं असेल तर हात वर करायचा, असं डॉक्टरांशी आधी ठरवून घ्या. आपला हात ऐकला जातो हे कळलं की मुलाचे खांदे सैल पडतात. घरी आल्यावरही काही तास ओठ बधिर असतो, गंमत म्हणून मुलं तो चावून जखम करतात. तेवढा वेळ नजर ठेवा.

आणि एक राहिलं. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे कायमची दाढ गुपचूप येते. तिच्या जागचा कुठलाच दात पडलेला नसतो, म्हणून आपण तिलाही दुधाचीच समजतो. तिची मुळं पूर्ण व्हायला आणखी साधारण तीन वर्षं लागतात, आणि नस जिवंत असेल तरच ती नीट वाढतात. मूल सहाचं झालं की टॉर्च घेऊन एकदा अगदी मागे बघा. तिथे काळं दिसलं, तर परीक्षा संपायची वाट बघू नका, त्याच आठवड्यात वेळ घ्या.