फाइल पोहोचली, भाव मागेच राहिला

पुंडलिकनगरातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत कुर्त्यांचे गठ्ठे असतात. पाहुणे आले की ते पलंगावर जातात. एवढंच आमचं दुकान. बाकी सगळा धंदा वेबसाइट आणि जाहिरातींवर. त्यामुळे २०२५च्या नवरात्रात आमच्याकडे काय झालं, ते शेजारणीलाही कळलं नाही. शटर बंद दिसलं असतं तर कुणी विचारलं तरी असतं.

त्या वर्षी २२ सप्टेंबरला, नेमक्या घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले. हजाराच्या वरच्या तयार कपड्यांवर तोवर १२ टक्के होता, तो अडीच हजारांपर्यंत ५ टक्क्यांवर आला. आमची १,२९९ची कुर्ती १,२१८ची झाली. आदल्या रात्री भाच्याला बसवून वेबसाइटवरचे सगळे भाव बदलले, लेबलंही बदलली. सोमवारचा पांढरा, मंगळवारचा लाल, असा नऊ रंगांचा माल भरलेला होता. जाहिरातीचं रोजचं बजेट दुप्पट केलं.

बुधवारपर्यंत पैसे जात होते आणि कुर्त्या जागच्या जागी होत्या. भाचा म्हणाला, "मावशी, फाइल तर रोज जातेय की. हे बघ, हिरवी टिक." टिक खरंच हिरवी होती. जाहिरातीसाठी जाणारी मालाच्या यादीची फाइल, म्हणजे फीड, पहाटे उचलली, ओळी वाचल्या, एवढंच ती सांगत होती. ओळींत काय लिहिलंय ते आम्ही कुणीच पाहिलं नव्हतं. आमचं फीड वेबसाइटवरून आपोआप बनत नव्हतं. उन्हाळ्यात हाताने भरलेल्या शीटवरून जात होतं, आणि त्या शीटमध्ये अजून १,२९९च होते. पानावर एक भाव आणि फीडमध्ये दुसरा, अशी वस्तू नाकारली जाते. बरोबरच आहे, पाटीवर एक आणि गल्ल्यावर दुसरा भाव सांगणाऱ्याकडे गुलमंडीच्या बाजारात तरी कोण दुसऱ्यांदा जाईल?

मग जाहिरात चालली कशाची? ओढण्यांची. त्या हजाराच्या आतल्या, त्यांना आधीपासून ५ टक्केच होता, म्हणून त्यांचा भाव बदललाच नव्हता. दुप्पट केलेलं सगळं बजेट इमानदारीत ओढण्यांवर खर्च होत होतं. सगळंच बंद पडलं असतं तर पहिल्या दिवशीच कळलं असतं. अर्धं चालू राहिलं, म्हणून फसलो.

शीट दुरुस्त केली, तरी काही कुर्त्यांवर नाकारल्याचा शेरा कायम. भाच्याने पानाचा सोर्स उघडून १२९९ शोधलं, तर मिळालं! आपल्याला दिसतो तो भाव नवा होता. पण पानाच्या पोटात यंत्रांसाठी वेगळा लिहिलेला भाव असतो, तो कॅशमधून, म्हणजे साठवून ठेवलेल्या जुन्या प्रतीतून, अजून जुनाच जात होता. कॅश साफ केली, पुन्हा तपासणीला टाकलं. शेवटची कुर्ती मंजूर झाली तेव्हा दसरा दुसऱ्या दिवसावर आला होता. आता पिवळी कुर्ती कुणाला हवी होती?

तेव्हापासून एक सवय लावून घेतली, तुम्हीही लावा. रोज सकाळी पाच नग गठ्ठ्यातून हातात घ्यायचे. एक संपत आलेला, एक भाव बदललेला, एक अगदी नवा, दोन कुठलेही. दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवर त्यांचं पान उघडायचं, कारण आपल्या मोबाइलला आपलं पान पाठ असतं. मग फीडमधली ओळ. भाव, रंग, शिल्लक, तिन्हीकडे एकच हवं. शिवाय जाहिरातीच्या कॅटलॉगमधल्या एकूण आणि चालू वस्तूंचे दोन आकडे कालनिर्णयच्या चौकोनात लिहायचे. आमच्याकडे त्याच चौकोनात नळाला पाणी आल्याची खूण असते. चालूचा आकडा अचानक घसरला की तो दिवस दुसऱ्या कशासाठी नाही.

फीडमधल्या वस्तूंच्या आयडीचा खेळ वेगळाच. शीटने आमच्या ०११४चा परस्पर ११४ करून टाकला होता. वेबसाइटवरचा पिक्सल, म्हणजे गिऱ्हाइकाने काय पाहिलं ते जाहिरातीला कळवणारा कोड, सांगत होता की गिऱ्हाइकाने ०११४ पाहिली, आणि कॅटलॉगात तशी वस्तूच नाही. मग पाहून गेलेल्या बाईला तीच कुर्ती पुन्हा दाखवणार कोण? आयडीचा रकाना आधी टेक्स्ट करा आणि एकदा दिलेला आयडी दुसऱ्या वस्तूला देऊ नका. ब्रँडेड माल विकत असाल तर बारकोडचंही तेच. ८९०ने सुरू होणारा तेरा आकडी क्रमांक शीटमध्ये ८.९०ई+१२ असा दिसू लागला आणि तशीच फाइल सेव्ह केली, तर मागचे आकडे गेले म्हणून समजा.

फोटोवर 'नवरात्री ऑफर'ची पट्टी लावायचा मोह आवरा, गूगलच्या मर्चंट सेंटरला ती चालत नाही. तिथे ३० दिवस हात न लागलेली वस्तूही आपोआप बाद होते.

आणि भाव बदलाल त्या रात्री पहाटेच्या ठरल्या वेळेची वाट बघू नका. फीड हाताने पुन्हा पाठवा, एक कुर्ती तिन्हीकडे पडताळून बघा, मग दिवा मालवा.