चेंडू फुकट, टप्प्याचे पैसे

प्ले स्टोअरवर टप्पे खाणाऱ्या चेंडूचा कुठलाही गेम शोधा. इन्स्टॉलचं बटण ठळक दिसतं, किंमत कुठेच दिसत नाही. नावाखाली बारीक अक्षरांत मात्र दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: यात जाहिराती आहेत, आणि ॲपमध्ये खरेदी आहे. गेमच्या माहितीच्या पानावर अगदी तळाशी गेलात, तर त्या खरेदीची किमान आणि कमाल रक्कमही सापडते. दहा रुपयांपासून सुरुवात आणि शेवट काही हजारांत, असे आकडे तिथे सर्रास असतात. डाउनलोड करण्याआधी वाचायची ओळ हीच. वरचे तारे आणि कौतुकाचे अभिप्राय नंतर वाचले तरी चालतील.

हा खेळ काही नवा नाही. अटारीने 1976 मध्ये 'ब्रेकआउट' आणला: खाली फळी, वर विटा, मध्ये चेंडू. 2001 च्या पहिल्या आयपॉडमध्ये गाण्यांच्या आड तोच खेळ लपवलेला होता. आपल्याकडे बहुतेकांना आठवतो तो नोकियावरचा लाल चेंडू, 'बाउन्स'. फोन घेतला की तो आतच असायचा. पैसे एकदाच जायचे, तेही फोनचे. आता 'बॉल्झ', 'बीबीटॅन' अशा गेममध्ये बोटाने कोन धरायचा, चेंडूंची माळ सोडायची आणि आकडे लिहिलेल्या विटा फोडायच्या. कॅरममध्ये रिबाउंड मारणाऱ्याला हा कोन लगेच कळतो. खेळ आहे झकास. खर्च कुठून कसा लागतो, तेवढं बघू.

आधी किरकोळ खर्च. पाच हजार एमएएचची बॅटरी पूर्ण भरायला, चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरूनही, साधारण 25 वॉट-तास लागतात. म्हणजे एका युनिटमध्ये चाळीस वेळा चार्जिंग. युनिट दहा रुपयांना धरलं, तर एका चार्जिंगला पंचवीस पैसे. यावरून घरात कुणी कुणावर ओरडू नये.

नेटचंही तसंच. जुलै 2024 च्या दरवाढीत जिओचा रोज दीड जीबीचा 28 दिवसांचा पॅक ₹239 वरून ₹299 वर गेला. पण तो रिचार्ज आपण व्हॉट्सॲपसाठी आणि यूट्यूबसाठी मारतच असतो. गेमचा त्यात वेगळा खर्च नाही. खरी किंमत वेळेची आहे. समजा एक डाव दोन मिनिटांचा आणि त्यामागे तीस सेकंदांची जाहिरात. मग तासाभरात चोवीस डाव होतात आणि बारा मिनिटं जाहिराती बघण्यात जातात. एकाच पॅकच्या हॉटस्पॉटवर घरातले तिघं असतील, तर संध्याकाळी नेट संपण्यात या व्हिडिओ जाहिरातींचा वाटा बऱ्यापैकी असतो.

यावरचा बिनपैशाचा उपाय म्हणजे एअरप्लेन मोड. नेट बंद करून गेम उघडा. चालला, तर मधल्या जाहिराती गेल्या. 'जाहिरात बघा आणि जीव मिळवा' हे बटण तेवढं चालणार नाही, पण एकट्याने विटा फोडायला त्याची फारशी गरज पडत नाही. नेटशिवाय गेम उघडतच नसेल, तर तो काढून दुसरा घ्या. एकट्याने खेळायच्या विटांच्या गेमला नेट लागायचं काही कारण नाही.

जाहिरात लागलीच तर फुली जपून दाबा. डाव संपतो, पडदा भरतो, वर कोपऱ्यात मुंगीएवढी फुली येते. ती दाबावी, तर प्ले स्टोअर उघडतं, कारण ती फुली जाहिरातीच्या चित्राचाच भाग असते. खरी फुली पाच-सात सेकंदांनी दुसऱ्या कोपऱ्यात उगवते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी अशा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत तेरा प्रकार दिले आहेत. वेषांतर केलेली जाहिरात त्यांत आहे, खोटी घाई आहे आणि वर्गणीचा सापळाही आहे. तरीही फुली अजून तेवढीच आहे.

आता पैसे देऊन जाहिराती घालवण्याचा मार्ग. 'नो ॲड्स'ची खरेदी बहुतेक गेममध्ये शे-दोनशेच्या आसपास असते. रोज खेळणाऱ्याने ती खुशाल करावी, मी तिला उधळपट्टी म्हणणार नाही. पण दोन गोष्टी तपासून. एक, ती एकदाच द्यायची रक्कम आहे का. दोन, तिने फक्त मधल्या जाहिराती जातात. बक्षिसाच्या जाहिराती बहुधा तशाच राहतात. ही खरेदी फोनला नाही, गूगल खात्याला चिकटते. नवा फोन घेतला आणि तेच खातं घातलं, की पुन्हा पैसे भरावे लागत नाहीत. अडचण अशी, की पुष्कळांचं खातं फोन घेताना दुकानातल्या पोराने उघडून दिलेलं असतं आणि पासवर्ड कुणालाच ठाऊक नसतो. शंभर रुपये खर्चण्याआधी तो पासवर्ड बदलून वहीत लिहून ठेवा.

सर्वांत महाग पडते ती आठवड्याची वर्गणी. 'व्हीआयपी', 'तीन दिवस मोफत' अशी तिची पाटी असते. आठवड्याला ₹199 म्हणजे वर्षाला ₹10,348. एवढ्या पैशांत बरा फोन येतो. हप्ता यूपीआयच्या ऑटोपेवर बसतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कट होण्याच्या चोवीस तास आधी सूचना यावी लागते, पण पंधरा हजारांपर्यंतच्या पुढच्या हप्त्यांना पुन्हा ओटीपी किंवा पिन लागत नाही. म्हणजे पहिल्यांदा पिन टाकला, तोच खरा व्यवहार. आणि तो 'मोफत'वर बोट ठेवताना टाकलेला असतो.

मोबाइलच्या दुकानात हे संभाषण हमखास ऐकू येतं. "अहो, गेम तर कधीच डिलीट केला, पैसे कसे काय कट झाले?" त्यावर काउंटरमागचा पोरगा म्हणतो, "काका, ॲप काढलं म्हणून वर्गणी बंद होत नसती की ओ!" त्याचं बरोबर आहे. प्ले स्टोअर उघडा, वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या गोल चित्रावर बोट ठेवा, 'पेमेंट आणि सदस्यत्वे'मध्ये जाऊन सदस्यत्व रद्द करा. मग यूपीआय ॲपमध्येही ऑटोपेची यादी बघून घ्या. त्याच प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये 'प्रत्येक खरेदीला पासवर्ड' असा पर्याय आहे. घरात लहान मूल असेल, तर तो आजच चालू करा.

गूगलचा 'प्ले पास' हा आणखी एक पर्याय. भारतात तो 2022 मध्ये महिना ₹99 आणि वर्ष ₹889 अशा दरांनी सुरू झाला. यादीतल्या गेमना जाहिराती नाहीत, आतली खरेदीही नाही आणि घरातल्या आणखी पाच जणांना तो वापरता येतो. दोन-तीन पोरं असलेल्या घराला परवडतो. एकट्याने एकच चेंडू उडवायचा असेल, तर घेऊ नका. त्यापेक्षा एकदाच पैसे घेऊन कायमचा मोकळा होणारा 'होलडाउन' बघा, नाहीतर 'ब्रेकआउट 71'. हा दुसरा मुक्तस्रोत आहे, फुकट आहे आणि त्यात जाहिरातही नाही. अशा गेमची कुणी जाहिरात करत नाही, म्हणून ते आपणहून शोधावे लागतात.

'चेंडू उडवा, रोख कमवा' असं कुणी म्हणालं, तर तिथे पाय ठेवू नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये केला. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण अडकलेले पैसे परत मिळण्याची हमीही नाही. पैसे गेलेच तर वेळ न दवडता 1930 वर फोन करा.

चुकून झालेल्या खरेदीसाठी 48 तासांच्या आत गूगलकडेच परतावा मागा. त्यानंतर गेम बनवणाऱ्याच्या दारात जावं लागतं आणि तो कुठल्या देशात बसलाय, हेही कळत नाही. ऐकलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. त्यापुढे आपल्या सोलापूरचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहेच. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. दोनशे रुपयांसाठी तिथे कोणी जात नाही, हे खरं. दहा हजारांच्या वर्गणीसाठी जायला हरकत नाही.

सोलापूरकरांना एक खर्च जास्तीचा आहे: उन्हाळा. ॲपलच्या सूचनेनुसार आयफोन 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. चार्जिंगला लावून, पत्र्याच्या खोलीत तासभर खेळलं, की फोन तापतो, पडदा मंद होतो, चार्जिंग थांबतं. हे रोज झालं, की बॅटरी वेळेआधी फुगते किंवा मरते. ती बदलायला मॉडेलनुसार पाचशे ते दोन-अडीच हजार मोजावे लागतात. फोन आधी चार्ज करा, मग काढून खेळा.

फोन पोरांच्या हातात द्यायचाच नसेल, तर हातातली गेम मशीनं आहेत. कित्येक हजार गेम एकात म्हणून विकलं जाणारं करड्या पडद्याचं 'ब्रिक गेम' दोन-अडीचशेत मिळतं. हजारांचा आकडा सोडून द्या, खरे खेळ मोजकेच असतात. पण फळी-चेंडूचा खेळ त्यांत बहुधा असतो आणि दोन पेन्सिल सेलवर तो बरेच दिवस चालतो. रंगीत पडद्याचं 'चारशे गेम एकात' पाचशेच्या आसपास. त्यातले बरेचसे गेम परवान्याशिवाय भरलेले असतात, कंपनीची हमी वगैरे विचारू नये. त्याची बॅटरी मात्र बहुधा नोकिया 1100 च्याच बीएल-5सी आकाराची असते, त्यामुळे ती गेली तरी नवी सहज मिळते. फुगलेली बॅटरी तेवढी घालू नका. 2007 मध्ये नोकियाने याच बॅटरीच्या 4 कोटी 60 लाख नगांबद्दल इशारा दिला होता.

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत घेणार असाल, तर सेल घरून खिशात न्या. स्टॉलवरच मशीन चालू करून डावं, उजवं, वर, खाली आणि मोठं गोल बटण असं एकेक दाबून बघा. आवाज बंद होतो का, तेही बघा, नाहीतर घरी आल्यावर आईच ते कपाटात टाकेल. सांगितलेल्या भावाच्या निम्म्यापासून बोलायला सुरुवात करा. बिल मिळणार नाही आणि यात्रा उठली की स्टॉलही उठतो, म्हणून बदलून घ्यायचं ते तिथेच, पैसे देण्याआधी.