मुक्त आरोग्य-साधने : मान्यता कशाला म्हणावे?

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने या वर्षी ‘वैद्यक आणि संगणक’ या विषयावर काही लिहावे, अशी प्रेमळ आज्ञा केली. मी संगणकशास्त्राचा जाणकार नाही. इंदुरात अनेक वर्षे जनरल प्रॅक्टिस करणारा एक सामान्य डॉक्टर आहे. तथापि स्वतःच्या एका चुकीने मला या विषयाचा अभ्यास करावयास लावले, म्हणून त्या चुकीपासूनच आरंभ करतो.

काही वर्षांपूर्वी एका नर्सिंग होममध्ये माझी रात्रपाळी होती. पहाटे दहा किलो वजनाचे एक मूल आले. त्याची फिट थांबत नव्हती. प्राथमिक औषधानंतर फेनिटॉइन देण्याचे ठरले. मोबाइलमधील एका विनामूल्य मात्रा-गणकात मी वजन म्हणून १० हा आकडा भरला आणि किलोमागे २० मि.ग्रॅ. या हिशेबाने आलेले उत्तर, ९१ मि.ग्रॅ., सांगून मोकळा झालो. आमच्या अनुभवी सिस्टरांचा हात तिथेच थांबला. त्या म्हणाल्या, “सर, एवढ्या मुलाला आपण दोनशे देतो ना? हे निम्मेही नाही.” पाहतो तो काय, गणकात वजनाचे माप मुळातच पौंडात ठेवलेले होते! योग्य मात्रा दिली गेली, फिट थांबली, मूल बरे होऊन घरी गेले. चूक उलट दिशेची असती, तर मात्रा दुपटीहून अधिक झाली असती आणि फेनिटॉइनचा हृदयावर व रक्तदाबावर काय परिणाम होतो, हे आपणांस ठाऊकच आहे.

त्या गणकाची मूळ संगणकीय संहिता सर्वांसाठी खुली होती. ‘हजारो लोकांनी पाहिली असेल, म्हणजे तपासलेलीच असणार’ अशी माझी भाबडी समजूत होती. प्रस्तुत लेख त्या समजुतीबद्दल आहे.

मुक्त म्हणजे काय?

ज्या प्रणालीची संहिता कोणालाही वाचता, वापरता, बदलता आणि इतरांस देता येते, ती मुक्त प्रणाली होय. हा परवाना फार मोलाचा आहे; गरीब देशांतील रुग्णालयांना त्यामुळे खर्चाविना उत्तम साधने लाभली. २००४ साली आरंभ झालेली ‘ओपन एम.आर.एस.’ ही रुग्णनोंद प्रणाली केनियातील एच.आय.व्ही. रुग्णांच्या सेवेतून आकारास आली आणि पुढे अनेक देशांत पसरली.

अशा साधनांची पारख करण्यासाठी २०१९ मध्ये ‘डिजिटल पब्लिक गुड्स अलायन्स’ ही आंतरराष्ट्रीय आघाडी स्थापन झाली. तिच्या मानकात नऊ निकष आहेत. परवाना खरोखर मुक्त आहे काय, मालकी स्पष्ट आहे काय, माहितीपत्रके उपलब्ध आहेत काय, साठवलेली माहिती बाहेर काढता येते काय, खासगीपणाचे रक्षण होते काय, अशा प्रश्नांची पुराव्यानिशी उत्तरे द्यावी लागतात. हे सारे आवश्यकच आहे. परंतु औषधाची मात्रा बरोबर येते की नाही, हा प्रश्न त्या नऊंमध्ये येत नाही. त्याचे उत्तर निराळ्या दारी मिळते.

दुसरे दार

या दुसऱ्या दाराचे बोधप्रद उदाहरण अमेरिकेतील आहे. टाइप १ मधुमेहाचे काही रुग्ण आणि त्यांचे आप्त यांनी ग्लुकोज सेन्सर व इन्सुलिन पंप यांना जोडणारी प्रणाली स्वतःच घडवली. डेना लुईस आणि स्कॉट लायब्रँड यांनी २०१५ मध्ये ‘ओपन ए.पी.एस.’चा आराखडा सर्वांसाठी खुला केला; पाठोपाठ आयफोनवर चालणारी ‘लूप’ आली. जो वापरेल त्याने ती स्वतः उभारायची आणि जोखीमही स्वतःच घ्यायची, असा तो मामला होता. चूक झाल्यास जबाब विचारावा असा उत्पादकच नव्हता.

‘टाइडपूल’ या ना-नफा संस्थेने २०१८ मध्ये ही उणीव भरून काढण्याचे ठरवले. ‘लूप’च्या आधारे प्रणाली घडवून तिची जबाबदारी तिने स्वतःकडे घेतली. वैद्यकीय प्रणालीच्या निर्मात्याने काय घडल्यास रुग्णाला इजा होऊ शकेल याची यादी करावी लागते, प्रत्येक धोक्यावरील उपाय चाचणीने सिद्ध करावा लागतो, सामान्य माणूस पडदा वाचताना कुठे चुकतो हे पाहावे लागते आणि तक्रारींची नोंद ठेवावी लागते. त्यासोबत ‘लूप’ वापरणाऱ्या रुग्णांच्या निरीक्षणात्मक अभ्यासाचा पुरावाही होता. अखेर जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफ.डी.ए.ने ‘टाइडपूल लूप’ला सहा वर्षे व त्यापुढील वयाच्या रुग्णांसाठी मंजुरी दिली. संहिता खुलीच राहिली. मात्र मंजुरी त्या विशिष्ट आवृत्तीपुरती आहे. कोणी घरी तीत फेरफार केला, तर ती मंजुरी त्या फेरफाराला लागू होत नाही.

दरम्यान न्यूझीलंडमधील यादृच्छिक चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. ९७ रुग्णांच्या या चाचणीत मुक्त प्रणाली वापरणाऱ्यांची साखर ७० ते १८० या मर्यादेत राहण्याचा काळ तुलनेतील गटापेक्षा १४ टक्के-बिंदूंनी, म्हणजे दिवसाला सुमारे ३ तास २० मिनिटांनी, अधिक होता. मुक्त साधन कसोटीस उतरू शकते, हे त्यातून दिसले. मात्र आधी ती कसोटी कोणीतरी घ्यावी लागते.

आपल्या देशात

भारतात वैद्यकीय उपकरण नियम २०१७ लागू आहेत. ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने निदान, देखरेख वा उपचार यांसाठी असलेली संगणक प्रणालीही १ एप्रिल २०२० पासून या कक्षेत आली. जोखमीनुसार अ, ब, क, ड असे चार वर्ग आहेत. पहिल्या दोहोंना १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि उरलेल्या दोहोंना १ ऑक्टोबर २०२३ पासून परवान्याची व्यवस्था लागू झाली. साधनाचा उद्दिष्ट उपयोग काय, यावर येथे सारे अवलंबून असते. केवळ नोंद ठेवणारी वही आणि मात्रा सुचवणारा सल्लागार यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

आपण काय करावे?

कोणतेही साधन हाती घेण्यापूर्वी मी आता चार प्रश्न विचारतो. याच्यामागे जबाबदार कोण? कोणत्या उपयोगासाठी आणि कोणत्या आवृत्तीला मान्यता आहे? माझ्या रुग्णांसारख्या रुग्णांवर ते पडताळले गेले आहे काय? मापे कोणती? चौथा प्रश्न सर्वांत क्षुल्लक दिसतो. पण त्या पहाटे घोटाळा झाला तो तिथेच. शिवाय पाच ज्ञात उदाहरणे हाताने सोडवून उत्तरे ताडून पाहिल्याखेरीज नवे गणक मी रुग्णासाठी उघडत नाही.

त्या गणकाच्या कर्त्यांना मी झालेला प्रकार लिहून कळवला. संहिता खुली असल्याने दोष नेमका कुठे आहे, हे एका तरुण परिचिताच्या मदतीने दाखवताही आले. मुक्तपणाचा हा लाभ आपण घ्यावयास हवा. परंतु तो घेण्यासाठी कोणीतरी डोळे उघडे ठेवून वाचावे लागते. त्या पहाटे ते काम आमच्या सिस्टरांनी केले. त्यांचे ऋण या निमित्ताने जाहीरपणे मान्य करून आपली रजा घेतो.