फायटर माशाची शेपटी काय सांगते?



मासा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आठवडी बाजार येतो. माजलगावच्या धरणातले रोहू आणि कटला, आणि पाटीत ठेवलेली, बाजार उठायची वेळ झाली तरी तोंड उघडझाप करणारी मरळ. पण रंगीत माशांच्या दुकानात एक निराळाच प्रकार दिसतो. बाकीचे मासे मोठ्या टाकीत मिळून हिंडत असतात आणि हा मात्र एका लहानशा बरणीत एकटाच. विचारले तर उत्तर मिळते, "हा फायटर आहे. दुसऱ्याला मारतो. याला पाणी जास्त लागत नाही, काही लागत नाही." यातले मारामारीचे खरे आहे. पाण्याचे मात्र अर्धेच खरे आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्यापायी पुष्कळ फायटर लवकर मरतात.

या माशाची शेपटी नीट वाचता आली तर दोन गोष्टी कळतात. शेपटीच्या आकारावरून त्याचे वाण कळते. ते जन्मभर बदलत नाही. शेपटीच्या अवस्थेवरून त्याची प्रकृती कळते. ती रोज बदलते. दुकानात आपण पहिलीच गोष्ट बघतो. घरी आणल्यावर दुसरी बघायची असते.

आधी हा मासा कुठला ते पाहू या. त्याचे मूळ गाव थायलंड व त्याच्या शेजारचे देश. तिथली भाताची खाचरे, दलदली, गवताळ ओढे ही त्याची राहण्याची जागा. तिकडे त्याला प्लाकट म्हणतात. अर्थ सरळ आहे, चावरा मासा! १९१० साली रेगन या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याला 'बेट्टा स्प्लेंडेन्स' असे नाव दिले. स्प्लेंडेन्स म्हणजे देदीप्यमान. थायलंडने २०१९ साली त्याला आपला राष्ट्रीय जलचर ठरवले. रानातला मूळ मासा मात्र मळकट हिरवा-तपकिरी, आखूड गोल शेपटीचा आणि बोटाएवढाच असतो. दुकानातले लाल, निळे, पांढरे, झुलत्या शेपट्यांचे सगळे फायटर माणसाने निवड करून तयार केले आहेत. ज्वारीचे कणीस पाहून शेतकरी बियाण्याला धाट राखून ठेवतो ना, तसेच. जसे ज्वारीचे वाण अनेक पण पीक ज्वारीचेच, तसेच या शेपट्या अनेक पण मासा एकच.

आता शेपट्या. माशाच्या परात बारीक काड्या असतात आणि काड्यांच्या मध्ये पातळ पडदा असतो. अगदी छत्रीसारखे. सगळी गंमत या काड्यांत आणि पडद्यात आहे.

सर्वांत जास्त दिसणारा आणि स्वस्त तो व्हेल टेल. त्याची शेपटी लांब असते, पण ती ताठ उभी राहत नाही, खाली झुकते. साडीचा पदर खांद्यावरून सुटून लोंबावा तशी. हिला आपण पदर-शेपटी म्हणू या.

काड्यांना जास्त फाटे फुटले की शेपटी रुंद उघडते. अशा शेपटीची त्रिकोणी आकृती झाली तर तो डेल्टा, आणि पुरा अर्धा चंद्र झाला तर हाफमून. दोन्ही दिसायला सारखे, मग फरक कसा ओळखायचा? इथे तुमची कंपासपेटी कामाला येते, बरे का! माशासमोर काचेबाहेर लहान आरसा धरा. आपलेच रूप त्याला शत्रू वाटते. तो कल्ले फुगवतो आणि शेपटी पूर्ण उघडतो. तेवढ्यात कोनमापकाचा मध्यबिंदू काचेवर शेपटीच्या मुळाशी येईल असा धरा. वरची कड आणि खालची कड एका सरळ रेषेत आली, म्हणजे १८० अंश भरले, तर हाफमून. कमी भरले तर डेल्टा. आरसा मिनिटभरच दाखवावा. आरसा लावून ठेवला तर मासा दिवसभर नसलेल्या शत्रूशी भांडून थकून जातो.

क्राऊन टेल म्हणजे मुकुट-शेपटी. हिच्यात पडदा आखूड आणि काड्या त्याच्या बाहेर आलेल्या, म्हणून कड कंगव्यासारखी दिसते. हे वाण इंडोनेशियात निघाले. डबल टेलमध्ये शेपटी मुळापासूनच दुभंगलेली असते आणि पाठीवरचा परही नेहमीपेक्षा रुंद असतो. नुसती मधोमध फाटलेली शेपटी म्हणजे डबल टेल नव्हे. रोज टेलमध्ये काड्यांना इतके फाटे फुटतात की शेपटीला गुलाबाच्या पाकळ्यांसारख्या चुण्या पडतात. आणि ज्याची शेपटी मूळ रानातल्या माशासारखी आखूड राहिली, त्याला दुकानातही प्लाकटच म्हणतात. 'डंबो' असेही एक नाव ऐकू येते, पण ते शेपटीचे नाही. ज्याचे कल्ल्यांमागचे दोन पर हत्तीच्या कानांसारखे मोठे, तो डंबो.

आखूड शेपटीची मादी असते, हेही ध्यानात ठेवा. प्लाकट नर आणि मादी यांत पुष्कळांचा घोटाळा होतो. मोठ्या मादीच्या पोटाखाली मिठाच्या कणाएवढा पांढरा ठिपका दिसतो.

आम्हांला विचाराल तर सगळ्यांत देखणा हाफमून आणि सगळ्यांत सुखी प्लाकट. भारी शेपटी ओढत पोहणे म्हणजे ओली गोधडी अंगावर घेऊन पळणे. रोज टेल तर पोहून दमतो आणि कधी कधी स्वतःचीच शेपटी चावून टाकतो. पहिल्यांदा पाळणाऱ्याने प्लाकट किंवा पदर-शेपटीचा घ्यावा.

आता त्या अर्ध्या खऱ्याकडे येऊ. फायटरच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, घड्या घड्यांचा एक अवयव असतो. त्याच्या साहाय्याने तो पृष्ठभागावर येऊन तोंडाने हवा घेतो. आपल्या मरळीलाही हवेतला श्वास घेण्याची अशीच सोय असते, म्हणून ती पाटीत तासन् तास तग धरते. पण पाटीत तग धरली म्हणून पाटी काही मरळीचे घर होत नाही! फायटरचेही तसेच. बरणीत हवा मिळाली तरी त्याची विष्ठा आणि उरलेले अन्न त्याच पाण्यात कुजते. त्यातून अमोनिया तयार होतो आणि तो कल्ले व कातडी भाजून काढतो. शिवाय थोडे पाणी लवकर तापते आणि लवकर गारठते. तांब्यातले पाणी आणि विहिरीतले पाणी यांतला फरक तुम्हांला ठाऊकच आहे. भाताच्या खाचरात पाणी उथळ असते हे खरे, पण ते वावरभर पसरलेले असते.

म्हणून एका फायटरला निदान १० ते १५ लिटर पाणी हवे, म्हणजे साधारण एक मोठी घागर. काचेची टाकी नसली तर पारदर्शक प्लॅस्टिकचा टब चालतो. पाणी काठोकाठ भरू नये. वर चार बोटे हवा राहू द्यावी आणि भोके पाडलेले झाकण ठेवावे, कारण हा मासा उडी मारतो. एका टाकीत दोन नर कधीही नकोत. कुणी झुंज लावायला सांगितली तर स्पष्ट नाही म्हणा. प्राण्यांची झुंज लावणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे आणि मासा हाही प्राणीच आहे.

ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकलेली असते. ती आपल्याला रोगांपासून वाचवते, पण तिच्यातला क्लोरीन माशाला सोसत नाही. पाणी बादलीत उघडे ठेवून एक दिवस मुरू द्यावे, मग वापरावे. टाकीतले सगळे पाणी एकदम बदलू नये. आठवड्याला पाव हिस्सा, म्हणजे तीन-चार लिटर पाणी काढून तेवढेच मुरवलेले पाणी हळूहळू घालावे.

इथे पालक म्हणतील, माणसांना टँकरची वाट पाहावी लागते आणि माशाचे काय घेऊन बसलात? प्रश्न योग्य आहे. २०१६ चा दुष्काळ कोण विसरेल? पण हे काढलेले पाणी वाया जात नाही. माशाच्या विष्ठेतले नत्र त्यात असते. ते तुळशीला, कढीपत्त्याला घातले तर झाडे जोमाने वाढतात. झाडांना पाणी घालायचेच असते, ते फक्त माशाच्या टाकीतून जाते.

फायटरला २४ ते २८ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या पुढे जातो आणि पौषात रात्री हुडहुडी भरते. टाकी पत्र्याखाली किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नये. उन्हाळ्यात टाकीभोवती ओले फडके गुंडाळावे, पण पाण्यात बर्फ टाकू नये. हिवाळ्यात आतल्या खोलीत ठेवून रात्री बाजूंनी पोते किंवा जुनी गोधडी लपेटावी. वरची भोके मोकळी राहू द्यावीत.

हा मासा किडे खाणारा आहे. मुरमुरे, भाताची शिते, पोळीचा चुरा त्याच्यासाठी नाही. दुकानातले फायटरचे बारीक दाणे आणावेत, दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपतील एवढेच. डासांच्या अळ्या तर त्याचे पक्वान्न! स्वच्छ पाण्याच्या भांड्यात सापडलेल्या वळवळणाऱ्या अळ्या चहाच्या गाळणीने काढून घालाव्यात. गटारातल्या नकोत. आणि माशाच्या नावाखाली घरात डास पाळू नका हो!

एवढे केले की शेपटी पुन्हा वाचायला घ्या. उघडी, लवलवती, कड सरळ असेल तर मासा खुशीत आहे. शेपटी मिटून काडीसारखी झाली असेल तर पाणी गार पडले आहे किंवा घाण झाले आहे. कड काळी, पांढरट किंवा लालसर होऊन झिजू लागली तर ती सडते आहे. मुकुट-शेपटी आणि सडलेली शेपटी यांत गफलत करू नका. मुकुटाच्या काड्या सगळ्या परांवर एका मापाने बाहेर येतात. सडलेली कड मात्र वेडीवाकडी, उंदराने कुरतडल्यासारखी दिसते. अशा वेळी औषधाच्या बाटलीकडे धावण्याआधी दोन-तीन दिवस रोज थोडे थोडे पाणी बदलावे. लांब सरळ चीर पडली असेल तर ती दगडावर किंवा प्लॅस्टिकच्या झाडावर घासून पडलेली असते. टाकीतल्या वस्तूवरून जुनी नायलॉनची ओढणी ओढून पाहा. ओढणी अडकली तर शेपटीही अडकणार. ती वस्तू काढून टाकली आणि पाणी स्वच्छ राखले तर काही आठवड्यांत चीर भरून येते. मात्र शेपटीचा अर्धगोल लचका गेला असेल आणि टाकीत दुसरा मासा नसेल, तर चावणारा कोण ते तुम्हीच ओळखा.

एके दिवशी पाण्यावर साबणाच्या फेसासारखे बुडबुडे दिसले तर ते घाण समजून काढू नका. नराने बांधलेले ते घरटे आहे. मादीने अंडी घातली की नर ती तोंडात धरून एकेक बुडबुड्यांत नेऊन ठेवतो आणि पहारा करतो.

कंटाळा आला म्हणून फायटर विहिरीत, तळ्यात किंवा सिंदफणेत सोडू नये. बाहेरचा मासा आपल्या पाण्यात काय करतो ते चिलापीने दाखवले आहे. आरोग्य खात्याचे लोक हौदात गप्पी मासे सोडतात, त्या हौदातही याला टाकू नये. गप्पीची झुलती शेपटी पाहून हा तिच्यावर तुटून पडतो. पाळणे जमत नसेल तर दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावा.

शाळेच्या विज्ञान कोपऱ्यात खिडकीपासून दूर ठेवलेल्या टाकीत एक निळा नर आहे. शेजारी आरसा आणि कोनमापक ठेवले आहेत. तो कोणत्या शेपटीचा, हे मुलांनी आणि शाळेत येणाऱ्या पालकांनी चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकावे. उत्तर पुढील अंकात. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा बंद राहील. तेव्हा ज्यांच्या घरी पत्र्याची नसलेली खोली आहे आणि आठवड्याला चार लिटर पाणी निघू शकते, अशा पालकांनी आपले नाव गुरुजींकडे द्यावे. टाकी, जाळी आणि दाण्यांची डबी शाळेकडून मिळेल.

— विज्ञान मंडळ, इयत्ता सातवी